मुंबईत पहिल्यांदा शास्त्रीय मैफिलीला जायचंय? मग हे वाचून निघा

"अगं, जायचंय गं कधीतरी, पण आपल्याला त्यातलं काही कळत नाही" हे मी ऑफिसात, ट्रेनमध्ये, घरच्या ग्रुपवर इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. आधीच सांगते, मी गात नाही, क्लास कधी लावला नाही, पेटीवर सा कुठला ते विचारलंत तर बोट दाखवताना हात थरथरेल. नऊ-दहा वर्षं फक्त समोर बसून ऐकतेय, त्यामुळे हे सगळं श्रोत्याच्या जागेवरून दिसलेलं आहे, गाणाऱ्याच्या नाही.

माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळा त्याचाच विस्तार. पहिली मैफल निवडताना नाव बघू नका, हॉल किती लहान आहे ते बघा आणि वेळ काय आहे ती बघा. मी नेमकं उलटं केलं होतं. नोकरीला मुंबईत आले तेव्हा उत्साहाने खूप मोठ्या नावाचं तिकीट काढलं, जागा मिळाली बाल्कनीत शेवटून तिसरी, स्टेजवरचा माणूस अंगठ्याएवढा दिसत होता, अर्ध्या तासाने मी मोबाईल काढला आणि मध्यंतरात वडा खाऊन जी निघाले ती पुढे दोन वर्षं फिरकले नाही. मग मैत्रिणीची आई गिरगावातल्या एका छोट्या बैठकीला ओढून घेऊन गेली. सत्तर-ऐंशी माणसं, खाली सतरंजी, सारंगीवाले माझ्यापासून पाच हातांवर, त्यांचं नख तारेला कसं भिडतं ते दिसत होतं. तिथे बसून राहिले. कळलं तेव्हाही काही नाही, पण उठावंसं वाटलं नाही.

पहिलं काम: कार्यक्रम शोधणं

सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो, डिसेंबर-जानेवारीत तर एका शनिवारी तीन-तीन ठिकाणी कार्यक्रम असतात आणि जीव तुटतो. उन्हाळ्यात मंदावतं. पावसाळ्यात गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम आणि मल्हाराच्या मैफिली. पितृपक्षात शुकशुकाट. शिवाय बरसी आणि पुण्यतिथीचे कार्यक्रम असतात, त्यांची तारीख ठरलेली असते, म्हणून ते कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवता येतात. उदाहरणार्थ ३ फेब्रुवारी, तबलावादक उस्ताद अल्लारखाँसाहेबांची बरसी. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन, म्हणजे झाकीरभाई, यांनी वर्षानुवर्षं षण्मुखानंद हॉलमध्ये त्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत कार्यक्रम केला. २०२४ च्या डिसेंबरात झाकीरभाईच गेले, त्यामुळे आता ती तारीख आली की गलबलायला होतं.

तिकिटाच्या ॲपवर 'क्लासिकल' टाकून शोधलंत तर अर्धे कार्यक्रम वेगळेच निघतील. एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात वेस्टर्न क्लासिकलही भरपूर होतं, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून तिथलीच. माटुंगा-सायनकडे कर्नाटक संगीताची मोठी परंपरा आहे. दोन्ही सुंदर, पण त्यांचे रिवाज वेगळे, मी इथे हिंदुस्थानी, म्हणजे उत्तर भारतीय संगीताबद्दलच बोलतेय. म्हणून 'हिंदुस्थानी', 'गायन', 'ख्याल', 'सतार' असं काहीतरी नेमकं टाका.

आणि खरी मेख म्हणजे उत्तम बैठकी ॲपवर येतच नाहीत. संगीत मंडळं, सर्कल, गायनाचे क्लासेस, एखाद्या बुवांचे शिष्य मिळून करतात ते कार्यक्रम, हे सगळं व्हॉट्सॲपवर फिरतं. त्यामुळे पहिल्या कार्यक्रमाला गेलात की दाराशी टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यांच्या वहीत नाव-नंबर लिहून या. बस, पुढचं सगळं आपोआप येतं, जरा जास्तच येतं. पेपरातलं 'आजचे कार्यक्रम'चं छोटं सदर आणि नाट्यगृहाबाहेरचा बोर्डही वाचत जा.

दुसरं: पत्रिका वाचायला शिका

'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' हे वाक्य तुम्हाला पन्नास वेळा दिसेल. याचा अर्थ पुढच्या दोन-तीन रांगांवर कागद चिकटवलेले असणार, तिथे बसू नका, उठवतात. पण त्याच्या लगेच मागे बसा, कारण पहिला राग निम्मा झाला आणि पाहुणे आलेच नाहीत की कार्यकर्ते स्वतःच म्हणतात, या पुढे या. 'देणगी प्रवेशिका' म्हणजे तिकीटच. बाकी दर फुकटापासून काही हजारांपर्यंत कसेही असतात, आणि महाग म्हणजे चांगलं हे इथे अजिबात खरं नाही.

दोन कलाकार असतील तर आधी तरुण आणि मग ज्येष्ठ असा क्रम असतो. बरेच लोक पहिल्याला टाळून थेट दुसऱ्याला येतात. मूर्खपणा आहे. तरुण कलाकाराला चाळीस-पन्नास मिनिटंच मिळतात म्हणून तो जीव ओतून गातो, आणि नवख्याला तेवढाच वेळ झेपतो.

साथीदारांची नावंही बघा. तबला, संवादिनी म्हणजे आपली पेटी, किंवा सारंगी. नेहमीचे श्रोते कधीकधी फक्त तबल्याचं नाव बघून येतात.

सगळे सांगतात की सुरुवात सतार-बासरीने करा, ऐकायला सोपं जातं. मला उलट वाटतं. गाण्यात निदान दोन ओळींचे शब्द असतात, मन भटकलं की परत यायला एक खुंटी मिळते. ज्याचा त्याचा अनुभव.

तिसरं: वेळ. इथे जरा थांबा

रागाला वेळ असते हे ऐकलं असेल. सकाळी भैरव, ललत, तोडी. दुपारी सारंग, उतरत्या उन्हात मुलतानी, भीमपलास. सूर्य मावळताना मारवा, पूरिया धनाश्री, श्री. दिवेलागणीनंतर यमन, मग बिहाग, बागेश्री. खूप उशिरा मालकंस, दरबारी. आता गंमत बघा, पूर्वी मैफिली रात्रभर चालायच्या आणि पहाटे ललत-भैरव होऊन लोक घरी जायचे. २००० साली आवाजाचे नियम आले, उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. बंद हॉलला तो नियम तसा लागत नाही, पण हॉलचं सत्र ठरलेलं असतं आणि लोकांनाही शेवटची लोकल असते. परिणाम काय, तर तुम्ही फक्त संध्याकाळच्या कार्यक्रमांना जात राहिलात तर जन्मभर यमन आणि बागेश्रीच ऐकाल. तोडी कशाशी खातात तेही कळायचं नाही.

म्हणून सकाळची मैफल सोडू नका. पंचम निषाद ही संस्था 'प्रातःस्वर' नावाने रविवारी सकाळी लवकर मैफिली करत आलीय, प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात. पहाटे उठायचा कंटाळा येतो, कबूल. पण रविवारची पहिली-दुसरी लोकल रिकामी असते, गारवा असतो, आणि ऊन हळूहळू चढत असताना अहिर भैरव ऐकणं आणि तोच हेडफोनवर दुपारी तीनला ऐकणं यात किती फरक आहे ते एकदा जाऊनच बघा. नवख्यासाठी माझी पहिली शिफारस हीच. दिवाळी पहाटही छान असते, पण तिथे बहुतेक भावगीतं, अभंग, नाट्यपदं असा फराळ असतो. तो खा, पण ते जेवण नव्हे.

दुसरी चांगली वेळ म्हणजे हिवाळ्यात बरोबर सहाला सुरू होणारी मैफल. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे मारव्याची नेमकी घटका. आणि इथेच माझी एक जुनी तक्रार आहे. एका कार्यक्रमाला पत्रिकेवर ठळक 'ठीक ६ वाजता' लिहिलं होतं, मी ऑफिसातून खोटं बोलून निघाले, आणि मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, ज्यांनी शाल दिली त्यांना पुन्हा शाल, असं करत पावणेआठ वाजले. गायिका बसल्या, हसल्या आणि म्हणाल्या, मारवा गाणार होते, आता यमन गाते. यमन अप्रतिम झाला. पण तो मारवा गेला तो गेलाच!

चौथं: जायच्या दिवशी

ठिकाणाप्रमाणे निघा. एनसीपीए नरिमन पॉइंटच्या अगदी टोकाला आहे, चर्चगेटहून चालत वीसेक मिनिटं किंवा शेअर टॅक्सी. तिथलं टाटा थिएटर १९८० सालचं, हजारेक खुर्च्यांचं, आणि ते बांधलंच असं आहे की माइकशिवाय आवाज मागपर्यंत जावा. तिथे कुठेही बसलात तरी चालतं. षण्मुखानंदला किंग्ज सर्कल किंवा सायन उतरायचं, तो हॉल अडीच हजारांहून मोठा आहे, म्हणून तिथे बाल्कनी घेण्याआधी माझा अंगठा आठवा. रवींद्र नाट्य मंदिरला दादर किंवा प्रभादेवी, आणि आता मेट्रो ३ चं सिद्धिविनायक स्टेशनही जवळ आहे. पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह पूर्वेला. गिरगाव-दादर-पार्ले-ठाणे या पट्ट्यातले छोटे हॉल सांगण्यात अर्थ नाही, ते पत्ता बघूनच शोधावे लागतात, आणि बहुतेक वेळा एखाद्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर असतात.

शाल किंवा स्वेटर न्या. मुंबईत शाल म्हटल्यावर हसाल, पण नाट्यगृहाचा एसी दोन तासांनी हाडात जातो. पोटाला आधी काहीतरी घाला, रिकाम्या पोटी विलंबित, म्हणजे अगदी संथ गाणं, ऐकणं ही शिक्षा आहे. मध्यंतरातला बटाटेवडा आहेच, पण त्या रांगेत उभं राहिलात तर दुसऱ्या भागाची सुरुवात चुकते. बैठक भारतीय असेल तर गुडघ्यांचा विचार करून भिंतीकडेची जागा धरा. चपला बाहेर काढायच्या असतात तेव्हा एक कापडी पिशवी जवळ असू द्या, का ते शेवटी सांगते.

कुठे बसायचं? तबलजीचे हात दिसतील असं. गायक मधोमध, तबला सहसा त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे. तिकडे बसा.

पाचवं: समोर काय चाललंय

पडदा उघडला की पहिली दहा मिनिटं काही सुरूच होत नाही असं वाटेल. तानपुरे जुळवतायत, तबलजी हातोडीने ठोकतोय. माझ्या शेजारच्या एकाने एकदा वैतागून विचारलं होतं, "घरून जुळवून नाही का आणायचं?" आणतात हो. पण एसी, दिवे, दमट हवा, या सगळ्याने तार पुन्हा उतरते. तानपुऱ्याकडे नीट बघा, खाली भोपळ्यावर घोडी असते आणि तार आणि घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवलेला असतो. कलाकार तो दोरा केसभर इकडेतिकडे करतो आणि एका क्षणी ठक्क वाजणारी तार एकदम झणझणायला लागते, तिच्यातून मधमाश्यांसारखा गुंजारव निघतो. तीच जवारी. तो क्षण पकडायला मी मुद्दाम लवकर जाते. आणि एक चोरवाट सांगते. तानपुऱ्याची पहिली तार बहुतेक वेळा पंचमात, म्हणजे 'प'वर, असते. ती पंचमाऐवजी मध्यमात, म्हणजे 'म'वर, लावली की जाणकार एकमेकांकडे बघतात, कारण मालकंसात पंचम नसतोच, म्हणजे मालकंस येण्याची शक्यता.

मग राग सुरू. आधी थोडी आलापी, म्हणजे तालाशिवाय रागाचे स्वर उलगडणं, मग विलंबित ख्याल, म्हणजे रागातली दोन-चार ओळींची रचना खूप संथ गाणं. इथेच नवे लोक गळतात. बारा मात्रांचा, म्हणजे बारा ठोक्यांचा, विलंबित एकताल असेल तर एक फेरी, म्हणजे आवर्तन, पूर्ण व्हायला पाऊण मिनिट ते मिनिट लागतं. आपल्याला वाटतं काही घडतच नाहीये. घडत असतं ते असं, की गायक एकेक स्वर घेऊन त्याच्याभोवती फिरतोय, आधी खालचे, मग मधले, आणि वरचा सा तो मुद्दाम लांबवत नेतोय. पहिल्या वेळी फक्त एवढंच ऐका, वरचा सा कधी लागतो. लागला की सगळा हॉल श्वास सोडतो.

सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे फेरी पुन्हा सुरू होते. ती ओळखायला मला एका आजोबांनी शिकवलं. दादरच्या एका कार्यक्रमात ते शेजारी होते, पांढरा झब्बा, मांडीवर डावा हात, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय. मी टक लावून बघत होते तर मध्यंतरात म्हणाले, "बाळा, मोजायचंय का तुला?" म्हटलं आजोबा, मला ताल-बिल काही कळत नाही. ते म्हणाले, "कळायला काय लागतं, तिरकिट ऐक. एकतालात तिरकिट दोनदा येतं. दुसरं आलं की समजायचं सम दाराशी आली, मधे फक्त धी आणि ना." मग दुसऱ्या भागात त्यांनी माझ्यासाठी बोटाने हवेत खूण केली, तिरकिट, धी, ना, आणि धिं वर गायिकेचा मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हापुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, असा येऊन पडला की माझी मान आपोआप हलली. तेव्हा कळलं की हे सगळे लोक एकदम मान का हलवतात. मला वाटायचं ढोंग करतात. आजोबांचं नाव विचारायचं राहिलं.

तिरकिट ऐकू आलं नाही तरी हरकत नाही, पहिल्या रांगेतल्या माना बघा, सम तिथे दिसते. मोजायची हौस असेल तर तीनताल सोळा मात्रांचा, झपताल दहाचा, रूपक साताचा. पण मोजणीत गाणं हरवू देऊ नका.

विलंबितनंतर द्रुत, म्हणजे वेग वाढतो, ताना येतात, कधी तराणा. हा भाग कुणालाही आवडतो, समजवायची गरज नाही. मग बहुतेक दुसरा छोटा राग, ठुमरी किंवा अभंग, आणि शेवटी भैरवी. भैरवी खरं तर सकाळची, पण मैफल कुठल्याही वेळी संपू दे, संपते भैरवीनेच. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात गेली तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवीच आहे. केसरबाई मुंबईतच राहायच्या, म्हणजे आपल्या शहरातला एक आवाज सूर्यमालेच्या बाहेर पोचलाय आणि आपल्याला दादरपर्यंत जायचा कंटाळा येतो.

घराण्यांचं, म्हणजे गायकीच्या वेगवेगळ्या परंपरांचं, पहिल्या वर्षी डोक्यात घेऊ नका. किराणा, ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा हे शब्द कानावर पडत राहतील, वीस-पंचवीस मैफिली झाल्या की फरक आपोआप जाणवतो. फक्त एवढं ठाऊक असू द्या की मुंबईचं स्वतःचं घराणं आहे, भेंडीबाजार घराणं, आणि ते नाव खरोखर त्याच भेंडीबाजारावरून आलंय.

सहावं: बसण्या-उठण्याच्या रीती

मोबाईल सायलेंट नाही, बंद. सायलेंटवर अलार्म वाजतो, मला विचारा, तोही आलापीत. उशीर झाला तर बंदिश, म्हणजे चालू असलेली रचना, संपेपर्यंत दाराशी थांबा. आवडलं तर 'व्वा', 'क्या बात है' म्हणायला मोकळीक आहे, कलाकाराला ते हवंच असतं, पण पहिल्यांदा जाताय तर आधी मान हलवा, शब्द नंतर सुचतील. टाळ्या राग संपल्यावर, किंवा तबल्याचा एखादा तुकडा रंगल्यावर. गायकाने कानाच्या पाळीला हात लावला तर दचकू नका, गुरूचं किंवा थोरांचं नाव घेतलं की तसं करतात. व्हिडिओ काढू नका. आणि 'राग ओळखायचा' खेळ मोठ्याने खेळणारे काका प्रत्येक मैफिलीत असतात, त्यांच्यापासून दोन रांगा लांब बसा, ते निम्म्या वेळा चुकतात.

कळत नाही म्हणून शेजाऱ्याला विचारायला लाजू नका, फक्त मध्यंतरात विचारा. या लोकांना सांगायला इतकं आवडतं की तुमचा चहा गार होईल.

पाच-सहा मैफिली झाल्या की

मग डिसेंबरात पुण्याला सवाईला जा. भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव, आता दोघांच्याही नावाने, पाच दिवस, मुकुंदनगरला मैदानावर मांडवात. तो थेट पहिली मैफल म्हणून घेऊ नका असं माझं मत, कारण एका दिवसात चार-पाच कलाकार ऐकून नवखा माणूस अजीर्ण होऊन परत येतो. जाल तेव्हा एकच दिवस निवडा, स्वेटर घ्या, पुण्याची डिसेंबरातली रात्र मुंबईकराला सोसत नाही. मुंबईतलं गुणीदास संमेलनही लक्षात ठेवा, पं. सी. आर. व्यासांनी आपले गुरू जगन्नाथबुवा पुरोहित यांच्या नावाने सुरू केलेलं.

आणि ती कापडी पिशवी. मैफल रंगली की साडेनऊची साडेदहा होते, लोकांची चुळबुळ सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच भैरवी लागते. सगळ्यांच्या चपलांचा ढीग दाराबाहेर, त्यात आपली शोधेपर्यंत दहा मिनिटं जातात. म्हणून चपला पिशवीत घालून आधीपासूनच जवळ ठेवायच्या, द्रुत संपलं की आवाज न करता मागे सरकायचं, दाराशी उभं राहून पायात घालायच्या आणि भैरवी तिथून ऐकायची. दादरहून शेवटची कर्जत किती वाजता आहे ते तेवढं निघतानाच बघून ठेवा.